उतरतानाचा कठडा

पान्हेकाकांना स्वस्थ बसलेलं पाहिलंय असं कुणी सांगितलं, तर तो थापा मारतोय असं खुशाल समजावं. चाळीस वर्षं नळाची कामं केलेला माणूस. खिशात पान्हा नसला की त्यांना अंगात सदरा नसल्यासारखं वाटे, आणि म्हणूनच सगळी आळी त्यांना या नावाने ओळखायची. पण घराचा व्यवहार फिसकटल्याच्या सोमवारपासून त्यांनी जे चालवलं होतं त्याला चुळबुळ म्हणणंही कमीच. सकाळी उठून स्वयंपाकघरातला नळ खोलला, पुसला, बसवला. मग बाथरूममधला. मग परत स्वयंपाकघरातला. दुपारी बायको तिसऱ्यांदा हात धुवायला गेली आणि तिसऱ्यांदा पाणी बंद. तिने खोक्यांच्या रांगेतून काठी टेकत बाहेर येऊन विचारलं, नळांनी काय घोडं मारलंय तुमचं?

खोकी म्हणजे सगळा संसार होता. ताटं, पुस्तकं, पांघरुणं, सगळं दोरी बांधून तयार. जायचं होतं ते घर मात्र हातचं निघून चाललं होतं.

हे राहतं घर तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं. गेल्या वर्षी याच जिन्यावरून ती पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, तो सावरला. डावा खांदा मात्र कायमचा अधू झाला. चढणं कसंबसं जमे, पण उतरायचं नाव काढलं की तिचे हातपाय गळायचे. पस्तीस वर्षं दारोदार टपाल वाटलेली बाई आठ महिने घरात अडकून पडली होती. दवाखान्यात न्यायचं झालं की शेजारचे दोघे तिला खुर्चीत बसवून खाली न्यायचे, आणि ती डोळे मिटून म्हणायची, मला कपाटासारखं नेऊ नका हो.

तेव्हा काकांनी तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर शोधलं. त्याची मालकीण मुलीकडे कायमची राहायला निघाली होती आणि महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होती. राहतं घर विकल्याशिवाय ते घेण्याची काकांची ऐपत नव्हती. बायकोला नवं घर बघायला नेता येईना, म्हणून त्यांनी नकाशा काढून आणला. त्यात मुख्य नळ होता, दोन सांडपाण्याच्या वाटा होत्या, टाकीची तोटी होती. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यात पोस्टमन पत्र कुठून टाकणार?" काका दार काढायला विसरले होते. खिडक्या तर त्यांनी मोजल्याच नव्हत्या.

पण ती त्या नकाशात रमली. प्रत्येक खोक्यावर तिने तिच्या वळणदार अक्षरात पत्ता घातला. भांडी : मुख्य नळाच्या डावीकडे. पांघरुणं : टाकीच्या तोटीमागची भिंत. दोन महिने ती मनाने तिथेच राहत होती. सकाळी उठून फाटकापर्यंत किती पावलं होतील याचा हिशेब ती रोज नव्याने करायची.

राहतं घर घेणारे होते शाळेतले एक मास्तर आणि त्यांची बायको. शांत, पापभीरू जोडपं. कागदपत्रं झाली होती, सह्यांचा दिवस ठरला होता. आदल्या रविवारी ते पडद्यांची मापं घ्यायला आले आणि निघताना मास्तर चप्पल घालता घालता, बोलायचं म्हणून बोलले, "बाकी सगळं ठीकठाक आहे ना काका?"

झालं. तिथेच माशी शिंकली.

काकांची एक सवय होती. कुठलंही काम संपवून हत्यारं पिशवीत टाकली की ते घरमालकाला जवळ बोलावून सांगायचे, यापुढे कुठे गळणार. हा सांधा दोन वर्षं काढेल, ती तोटी पुढच्या थंडीत दगा देईल. अशाने गिऱ्हाईक घाबरतं, हे त्यांना कितीजणांनी समजावलं. पण त्याशिवाय त्यांना त्या घराची पायरी उतरवत नसे. तेव्हा त्यांनी मास्तरांना हाताला धरून बाथरूममध्ये नेलं, कोपऱ्यातल्या फरशीवर पान्हा वाजवला आणि सांगितलं, याखालचा लोखंडी पाइप मीच घातलाय, वीस वर्षं झाली, आता दोन-तीन वर्षांत फुटेल, खालच्या वकिलांच्या छतातून पाणी जाईल, सगळी फरशी उखडावी लागेल. मास्तरांचा चेहरा उतरला. मी येऊन फुकट करून देईन, असं काका म्हणाले खरं, पण तोवर मास्तरीणबाई जिन्यात पोचल्या होत्या.

सोमवारी दलालाचा फोन आला. व्यवहार मोडला. "काका," तो म्हणाला, "घर विकायला काढलं होतं की रोगी दाखवायला?"

मास्तर आले तेव्हा बायको आतल्या खोलीत होती. मास्तरांनी येऊन काय पाहिलं, हे तिला माहीत नव्हतं. फोननंतर तिने काय झालं विचारलं आणि काकांच्या तोंडून निघून गेलं की मास्तरांना बँकेने कर्ज नाकारलं. उभ्या आयुष्यात ज्यांनी कुठल्या तोटीबद्दल खोटं सांगितलं नाही, त्यांनी हे इतकं सहज सांगितलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. तेव्हापासून ती बँकेला येताजाता शिव्या घालायची, आणि एकेक शिवी बिनचूक काकांना लागायची.

काका तळमजल्याच्या घराच्या मालकिणीकडे जाऊन आले. तिचा नाइलाज होता, दुसरं कुटुंब तयार होतं. शुक्रवारी तिने त्या कुटुंबाला शब्द दिला. काकांनी ते बायकोला सांगितलं. तिने नकाशाची घडी घातली आणि भांड्यांच्या खोक्यात सारली.

मग काकांना घर खायला उठलं. त्यांनी दोन खोकी सोडली, परत बांधली. मीठ आणायला खाली गेले, वर आले. मीठ घरात होतंच. काडेपेटी आणायला गेले. दलालाला भेटायला गेले आणि फाटकातूनच परत फिरले. शनिवारी अकरा वाजेपर्यंत त्यांच्या पाच खेपा झाल्या होत्या. सहाव्या खेपेला उतरताना ते दुसऱ्या मजल्यावर एकदम थांबले आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

कठड्यावर डावा हात होता. चार पायऱ्या ते वर चढले. आता कठडा उजव्या हाताला आला. पुन्हा उतरले, पुन्हा डावा. जिन्याला कठडा एकाच बाजूला, आणि उतरताना तो तिच्या अधू हाताकडे येत होता. उजवीकडे नुसती भिंत. आठ महिने ते वर-खाली करत होते आणि हे त्यांना दिसलं नव्हतं. काकांनी स्वतःला अशी एक शिवी हासडली की वकिलांनी दार उघडून पाहिलं.

त्या दुपारपासून जिन्यात जे सुरू झालं ते चार दिवस चाललं. काकांनी जुने पाइप आणले, मापाने कापले, आटे पाडले, वळणावर एल्बो बसवले आणि भिंतीच्या बाजूने तीन मजले पाइपाचा दुसरा कठडा उतरवत नेला. मजल्यांच्या मधल्या वळणांवर खोक्यांतून काढलेलं एकेक स्टूल ठेवलं. वकिलांनी नाकाने कांदे सोलत विचारलं, परवानगी कुणाची घेतली? काकांनी त्यांच्याच हातात मोजपट्टीचं टोक दिलं. बुधवारी कोर्टातून दमून आलेले वकील पाइपाला धरूनच वर आले.

गुरुवारी सकाळी ती निघाली. उजवा हात पाइपावर, काठी डाव्या मनगटाला अडकवलेली, आणि काका एक पायरी खाली, तोंड वर करून. पहिल्या वळणावर ती स्टुलावर बसली. कपाळाला घाम होता, पण डोळे चमकत होते.

"त्या मेल्या बँकेने कर्ज दिलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्हाला एवढा खटाटोप पडला नसता."

काकांना आता राहवेना. "कर्ज मिळालं होतं," ते म्हणाले. "व्यवहार माझ्यामुळे मोडला." आणि त्यांनी सगळं सांगितलं, मास्तरांचा प्रश्न, फरशी, पाइप.

ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा लाल झाला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. काकांना वाटलं, ही आता उठून वर जाणार आणि पुन्हा कधी उतरणार नाही.

"मास्तरांना खरं सांगितलंत," ती शेवटी म्हणाली. "परक्या माणसाला. आणि मला खोटं."

काकांनी पान्हा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. चुकलो, म्हणाले. तेही इतकं हळू की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

ती उठली. उजवा हात पाइपावर ठेवला, पण पाय उचलला नाही.

"हा कुठे दगा देणार आहे?" तिने विचारलं.

"वकिलांच्या दाराखाली," काका लगेच म्हणाले. "चार पायऱ्या. तिथे भिंत पोकळ आहे, ब्रॅकेट धरत नाही. पाइप लवेल. तिथे नुसता हात ठेव, भार काठीवर दे."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा माझ्या मागेही टिकेल."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पाय उचलला. वकिलांच्या दाराखाली आल्यावर तिने मनगटावरची काठी अधू हातात धरली, दातओठ खात तिच्यावर टेकली आणि मोजून चार पायऱ्या उतरली. पाइप लवला, काकांनी सांगितला होता तेवढाच. पाचव्या पायरीवर तिने काठी सोडली, पाइप मुठीत आवळला आणि सगळा भार त्याच्यावर टाकला.

"सरका," ती म्हणाली, "वाट अडवू नका."