दोन तांबे पाणी

बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात, एवढी साधी गोष्ट मी बाबांना सहा आठवडे सांगितली नाही. पुढे वर्षानुवर्षं दोष मात्र त्यांनाच देत राहिलो.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. किन्हवलीहून एसटीनं मी शहापूरच्या कॉलेजात जायचो. अंगानं काटकुळा, पण समोरच्याचा ठोसा यायच्या आत मी तिथून निघालेला असायचो. खेळाच्या सरांनी सांगितलं होतं, एकावन्न किलोच्या आत राहा, जिल्ह्यात तुला कोणी हात लावू शकत नाही. जिल्हा जिंकला की राज्याची स्पर्धा, आणि तिथलं सर्टिफिकेट म्हणजे पोलीस भरतीत खेळाडूची जागा. मला दुसरं काहीच नको होतं.

त्याच सुमारास मुरबाडच्या एका पोराचं नाव गाजत होतं. माझ्याहून वीतभर उंच, खांदे रुंद, त्याच्या एका फटक्यात म्हणे माणूस बसतो. झालं, किन्हवलीच्या स्टँडवर वाद सुरू. अर्धे म्हणायचे, चपळाईपुढे ताकद काय करणार? अर्धे म्हणायचे, पळून पळून पळशील किती, एकदा सापडलास की संपलास. यातल्या एकानंही आयुष्यात बॉक्सिंग पाहिलं नव्हतं. तो पोरगा वरच्या गटात होता, त्याची माझी गाठच पडणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी मी ऐकून घ्यायचो. आपल्यावरून वाद घालणारी माणसं कोणाला आवडत नाहीत?

बाबांनी तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या मारलेल्या. तिथं चार जाणती माणसं दोघांना शेजारी उभं करतात, नजरेनं जोखतात आणि जोड लावतात. वजनाला ताजवा लागतो तो भाताला, माणसाला नाही. या तालुक्याचा एक आणि त्या तालुक्याचा एक, म्हणजे जोड ठरलीच, असं बाबांनी धरून टाकलं. म्हशीचं दूध हॉटेलात जायचं थांबलं आणि माझ्या पेल्यात आलं. अंडी, सुकट, नाचणीची भाकरी. एरवी मला पाप्याचं पितर म्हणणारा माणूस स्वतः वाढायला बसायचा. बहिणीच्या वाटचं दूधही मी प्यायलो, खोटं कशाला बोलू. रोज पळून पळून सगळं जिरवायचो आणि वजन कसंबसं एकावन्नच्या आत ठेवायचो.

स्पर्धा मुरबाडच्या कॉलेजात होती. बाबा सोबत आले. हॉलच्या दाराशी वजनकाटा मांडलेला. व्यापाऱ्याच्या काट्यावर भात घालून घालून बाबांचा कुठल्याच काट्यावर विश्वास उरला नव्हता. काटा कमीच दाखवणार आणि ठरलेली जोड मोडणार, ही त्यांची खात्री. रांगेत उभं असतानाच त्यांनी डब्यातली सहा उकडलेली अंडी मला खायला लावली आणि नळावरून तांब्या भरून आणला. मग दुसरा.

"पी रे. कमी नाय भरायचं आपल्याला," ते म्हणाले.

मी प्यायलो. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, आणि तो मला काढू द्यायचा नव्हता.

काट्यानं बावन्न दाखवले. सरांचा चेहरा उतरला. स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मार म्हणाले, तासाभराची मुदत होती. पळालो, ओकायचा प्रयत्न केला. तरी काटा एकावन्नच्या वरच राहिला. नाव वरच्या गटात गेलं आणि पहिल्याच फेरीत मुरबाडचा तो पोरगा समोर आला. बाबा तर खूश, हीच जोड लागायची होती. पोट जड, पाय जागचे हलेनात. दुसऱ्या राउंडला त्याचा ठोसा बरगडीखाली बसला आणि मी रिंगमध्ये ओकलो. लोक हसले. संध्याकाळी एकावन्नच्या गटात जो जिंकला, त्याला मी सरावात तीनदा लोळवलं होतं. राज्याला तो गेला.

परतीच्या एसटीत बाबा म्हणाले, अजून दोन महिने खाल्लं असतंस तर उभा राहिला असतास. तेव्हाही मी गटाचं सांगितलं नाही.

भरतीत दोनदा नापास झालो आणि वाशिंदच्या कारखान्यात चिकटलो. बऱ्याच वर्षांनी एका दुपारी, जेवताना, बाबा माझ्या पोराला आग्रह करून वाढत होते. माझं डोकं सणकलं. सगळं बोललो. गट, एकावन्न किलो, दोन तांबे पाणी, माझी गेलेली नोकरी. शब्द न् शब्द लागेल असाच बोललो.

बाबांनी हातातली पळी खाली ठेवली.

"मला कुठं रे म्हायती व्हतं," ते म्हणाले. "तुला तर म्हायती व्हतं ना?"

त्यानंतर त्यांनी मला कधी वाढलं नाही.