उस्तादांचा गुडघा

रंगारी आपल्या दुपाखी शिडीला घोडी म्हणतात. त्या घोडीवरून न उतरता, तिला मांड्यांत आवळून कंबरेच्या झटक्यांनी खोलीभर चालवत न्यायची, ही उस्तादांची ख्याती. ख्याती म्हणजे काय, चार रंगारी आणि एक मुकादम एवढ्यांतच. पण मिरवायला तेवढे पुरतात. त्यांचा जोडीदार दर वेळी खाली उतरायचा, घोडी हातभर सरकवायचा, पुन्हा चढायचा. म्हणून उस्तादांनी त्याचं नाव ठेवलं हळूबाई, आणि वीस वर्षं ते शिळं होऊ दिलं नाही.

मग एका शाळेच्या व्हरांड्यात, दोन शिक्षिका बघताहेत असं पाहून, उस्तादांनी जरा जास्तच झटका दिला. घोडी एकीकडे गेली, उस्ताद दुसरीकडे आणि उजवा गुडघा तिसरीकडे.

"आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलंय," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनची गरज नाही. सहा आठवडे पट्टा, मग व्यायाम."

दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता. उस्तादांना अपमान वाटला. एवढा मोठा माणूस पडला आणि साधी सुरीसुद्धा लागू नये? मेव्हणे संत्री घेऊन भेटायला आले, ऑपरेशनची तारीख विचारली, आणि ते नाहीच म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की पिशवी परत नेतात की काय असं वाटलं.

"मग एवढं झालंय तरी काय?" ते म्हणाले.

मुकादमाचा फोन आला तेव्हा मात्र उस्तादांच्या तोंडची चव गेली. चार महिन्यांनी एका सभागृहाचं छत रंगवायचं होतं. "चढता आलं तर छत तुमचं," मुकादम म्हणाला. "नाहीतर खाली बसून खिडक्यांच्या जाळ्या रंगवा." जाळ्या! ज्या कामावर उस्ताद जन्मभर थुंकले, ते काम.

तरी अक्कल आली नाही ती नाहीच. व्यायाम शिकवणारी बाई लेकीच्या वयाची. पाय सरळ ठेवून वीतभर उचला, दहा मोजा, म्हणाली. "याला व्यायाम म्हणतात का? हे तर झोपणं झालं," म्हणत उस्तादांनी नाक मुरडलं. घरी ते एकवरून थेट सातवर जायचे.

"अहो, दोन ते सहा कुणी खाल्ले?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

पट्टा निघाल्यावर त्या बाईने त्यांना एका पायावर उभं राहायला सांगितलं. आधी बऱ्या पायावर, डोळे मिटून. उस्ताद तीन आकड्यांत कलंडले. तीस वर्षं घोडीवर काढलेला माणूस, तोही बऱ्या पायावर! ती हसली नाही, नुसतं वहीत 'तीन' लिहिलं. घरी येऊन उस्तादांनी सांगितलं की तिथली फरशी तिरकी आहे. पण त्या दिवसापासून ते दहाच्या दहा मोजू लागले, शहाणपणाने नाही, त्या तिनाच्या रागाने.

हळूबाई दर रविवारी यायचा. काही आणायचा नाही, ऑपरेशनचं विचारायचा नाही, तासभर बसून जायचा. हा माझी फजिती बघायला येतो, असं उस्तादांना वाटायचं. स्वतः ते तेवढ्याचसाठी गेले असते.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी गुडघा दाबून, ओढून पाहिला आणि पक्का झाला म्हणाले. उस्ताद सभागृहात छाती काढून शिरले, चढले, हाताला येईल तेवढं छत पांढरं केलं. आता घोडी पुढे न्यायची. खाली सगळे माना वर करून बघत होते. उस्तादांनी मांड्या आवळल्या. गुडघा दुखत नव्हता. कुठेच काही दुखत नव्हतं. पण झटका काही देववेना.

शेवटी ते उतरले, एकेक पायरी धरून धरून, आणि आता कोण काय बोलतो याची वाट बघत उभे राहिले.

हळूबाई आपलं काम सोडून आला. त्याने घोडी हातभर सरकवली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"चढा, उस्ताद. धरलीय मी."

आवाजात टोमणा असता तर उस्तादांनी तिथल्या तिथे परतवला असता, त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण टोमणा नव्हताच. उस्ताद मुकाट्याने चढले, आणि बराच वेळ त्यांना छत नीट दिसेना.