गाढव, मुलगी आणि पाहुणे

"मुलगा काय करतो?" या प्रश्नाला आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, उत्तरं ठरलेली होती. "कॉम्प्युटरवर असतो." नाहीतर, "पुण्याच्या कंपनीत हाय." खरं उत्तर त्यात कधीच नसायचं. मी कार्टून फिल्मचा स्टोरीबोर्ड काढतो. फिल्म तयार होण्याआधी तिचा प्रसंगन् प्रसंग चौकटींमध्ये रेखाटून दाखवायचा. कोण कुठून येणार, कॅमेरा कुठं थांबणार, सगळं. त्यावरून दुसरेच लोक फिल्म बनवतात.

"म्हंजी तू काढतो ते पडद्यावर दिसतच न्हाई?"

"नाही आप्पा."

"मग काढतो कशाला?"

इथं मी डोकं धरायचो. आप्पांचा जन्म पाटसच्या साखर कारखान्यात गेला. भोंगा वाजला की काम सुरू, भोंगा वाजला की काम बंद. घरात बनियनवर बसून केलेलं काम त्यांच्या लेखी कामच नव्हतं. माझं लग्न जमो न जमो, आप्पांनी एकदा तरी चारचौघांत माझं काम नीट सांगावं, एवढीच माझी इच्छा होती.

त्या रविवारी शिरूरकडून मुलीचे वडील आणि मामा आमचं घर बघायला येणार होते. दिग्दर्शकाला नेमका तोच मुहूर्त सापडला. "पिचिंग आत्ताच करून टाक." पिचिंग म्हणजे व्हिडिओ कॉलवर एकेक चौकट दाखवत सगळी पात्रं आवाजासकट आपणच वठवायची. आणि प्रसंग कुठला, तर पुरात अडकलेलं गाढव आणि काठावर रडणारी मुलगी! सांगून काय उपयोग? पाहुणे बाहेर टेकले आणि मी आतल्या खोलीचं दार लावून गाढवासारखा ओरडायला लागलो. मग मुलीसारखे हुंदके दिले, गावकऱ्यांसारखी बोंब ठोकली.

"गाढवात अजून इमोशन पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला.

पुन्हा ओरडलो. घसा बसला, पण प्रसंग पास झाला. आईच्या खुणेप्रमाणे मागच्या दारानं जाऊन तोंड धुतलं, शर्ट घातला आणि पुढच्या दारानं शहाण्यासारखा आत आलो.

पाहुण्यांचे चेहरे गंभीर होते. मामांनी मला जवळ बसवून हळूच विचारलं, "त्या शेजारच्या पोराला कुठं दाखवलं का न्हाई? लईच वरडत व्हतं. आप्पा म्हनले, डोक्यानं जरा कमी हाय."

मी आप्पांकडे बघितलं. ते पोह्यांच्या ताटलीत बघत होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेजारचं न्हाई मामा. मीच वरडत व्हतो. माझं कामच हाय ते."

आता आप्पांनी एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे.

"गंमत करतंय," ते म्हणाले. "लई इनोदी हाय आमचं पोरगं."

पाहुणे पोट धरून हसले. असाच हसरा जावई पाहिजे म्हणाले, आणि सोयरीक तिथंच ठरली. आप्पांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात साखर घातली. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा," मामा म्हणाले, "हळवं बी हाय पोरगं."