यान्कोचा सत्कार

उल्का परचुरे कितीतरी वर्षं पुणेकरांना युरोप दाखवत होती, आणि युरोपला पुणेकर दाखवताना दर वेळी तिचीच मान खाली जात होती.

नारायण पेठेतल्या अनिरुद्धच्या टूर कंपनीत ती सहलप्रमुख. निघण्याआधीच्या सभेत ती स्वच्छ सांगायची, "बसच्या ड्रायव्हरला माणशी रोज दोन युरो द्यायची तिकडे पद्धत आहे. तो त्याच्या कमाईचाच भाग." सगळे माना डोलवत, चहा पीत आणि विसरत.

यंदाच्या मे महिन्यात गटात श्रीधर माटे होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. पदरचं काही खर्चायची सवय नाही. शेवटच्या सकाळी उल्का पाकीट घेऊन बसमध्ये फिरू लागली, तर हे उठले.

"अहो बाई, आम्ही तीन लाख मोजलेत. त्याला पगार नाही का?"

"आहे. पण मी पुण्यात सांगितलं होतं."

"सांगितलंत. आम्ही कबूल कुठे केलं? टिप म्हणजे भीक. आपण माणसाचा मान राखतो."

आणि राखला की! विमानतळाबाहेर माट्यांच्या बॅगेतून शाल निघाली, नारळ निघाला. नारळ पुण्याहून आणलेला, म्हणजे बेत घरीच शिजला होता. सगळ्यांच्या अवजड बॅगा चढवून-उतरवून घामाघूम झालेल्या यान्कोच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, अंगावर शाल पडली आणि माटे भारतीय संस्कृतीवर मराठीत बोलू लागले. यान्कोने शालीच्या घडीत हळूच बोटं घालून पाहिलं. काहीच नव्हतं.

"काय म्हणतायत?" त्याने उल्काला इंग्रजीत विचारलं.

तिनेही इंग्रजीतच सांगितलं, "तू फार थोर आहेस म्हणतायत. पैसे देणार नाहीत. भाषण लांबेल, तू नीघ."

इंग्रजी सगळ्यांनाच येत होतं. यान्कोने शाल आणि नारळ माट्यांच्याच हातात ठेवले आणि बस घेऊन गेला.

पुण्यात उतरल्या उतरल्या माट्यांनी अनिरुद्धला फोन लावला. जाहीर माफी हवी, नाहीतर ओळखीतला एकही माणूस तुमच्याबरोबर येणार नाही.

"उल्काताई, सहलीच्या स्नेहसंमेलनात एकदा सॉरी म्हणून टाका," अनिरुद्ध म्हणाला. "नाहीतर सप्टेंबरची सहल मी ऑफिसातल्या नव्या उत्कर्षाला देईन."

पन्नाशीला आलेल्या बाईला नवं काम कोण देतंय? उल्काने माफी मागायचं ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं.

संमेलनात वडे झाले, फोटो झाले. मग माट्यांनी माईक धरला. "बाईंना आम्ही मोठ्या मनाने क्षमा करतोय. शेवटी पगारी माणसं ती! त्यांना काय कळणार?"

लोक हसले. उल्का उठली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. माटे प्रसन्न झाले. "रोज नाश्त्याच्या टेबलावरून तुम्ही पिशवीत अंडी भरत होतात, तेव्हा हॉटेलवाल्यांशी मी गोड बोलत राहिले. खोली आवरणाऱ्या बाईसाठी तुम्ही छदाम ठेवला नाहीत, तो मी माझ्या पैशातून ठेवला. तुमची लाज झाकायचं काही कारण नव्हतं. त्याबद्दल माफ करा."

अनिरुद्ध कपाळाला हात लावून बसला.

सप्टेंबरची सहल गेलीच. ऑगस्टअखेर उत्कर्षाचा फोन आला. "ताई, राग मानू नका, पण ड्रायव्हरच्या टिपचे पैसे नेमके कधी मागायचे हो?"

"इथेच, पुण्यात. व्हिसा लागून आलेला पासपोर्ट हातात द्यायच्या आधी," उल्का म्हणाली आणि फोन ठेवून दिला.