मुका रंग

"आरं, ह्ये मावळं हायत का कल्हई केल्याली भांडी? गनिमाला उचगावातनं दिसतील की रं!"

चुलते दिवाळीच्या किल्ल्यासमोर उभे राहून ओरडत होते, आणि बेळगावच्या वडगावातली आमची अख्खी गल्ली हातमाग थांबवून ऐकायला जमली होती. त्यांचा आवाज असा, की सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानानं जरा थांबून परवानगी मागावी. बुरुजावर मी रंगवलेले मातीचे मावळे वाळत होते. एकेकाचं तोंड एवढं चकाकत होतं, की शेजारच्या काकींनी त्यात बघून कपाळावरचं कुंकू सारखं केलं. हे मी शपथेवर सांगतो. बाकीच्यावर ज्यानं त्यानं आपापल्या हिमतीवर विश्वास ठेवावा.

आधीची सगळी वर्षं मावळे आक्का रंगवायची, माझी थोरली बहीण. मागावर चढवायच्या आधी सुताच्या ताण्याला तांदळाच्या पेजेची खळ लावतात, त्या खळीत ती बाजारातला पुडीचा रंग कालवायची. तो रंग वाळला की मातीत मुरायचा, उजेड पिऊन बसायचा. अशा रंगाला ती 'मुका' म्हणायची. तिचा मावळा भर उन्हात धरला तरी चमकायचा नाही. घाट चढून आल्यासारखा धुळकट, दमलेला दिसायचा. कणकुंबीच्या रानात सोडला असता तर वाघानं त्याला ओलांडून जाताना पाय लागला म्हणून नमस्कार केला असता. आता म्हणे न चमकणारा रंग डबीतच मिळतो. मी आणून लावून बघितला. चमकत नाही, खरं आहे. पण तो मुका नाही, नुसता गप्प आहे.

आक्काचं लग्न निपाणीला झालं. पहिल्या दिवाळसणाला ती माहेरी आली. पुढच्या वर्षी सासरहून निरोप आला की रानात तंबाखूचे शेंडे खुडायचं काम आहे, यंदा जमणार नाही. आईनं निरोप ऐकून घेतला आणि करंज्यांचं सारण दरवर्षीइतकंच केलं. आमचे वडील, आप्पा, तर त्या दिवसापासून माग असा जोरात ओढायला लागले, की साडी विणतायत का बैलगाडी हाकतायत, कळेना.

मग मावळे रंगवायचं माझ्यावर आलं. तीच खळ, तसाच रंग, आक्काचाच ब्रश, आणि तरी ही चकाकी. चुलते ओरडत होते आणि मला मनातून गुदगुल्या होत होत्या, कारण निपाणीला जायला आता निमित्त मिळालं होतं. आक्काला न्यायला आलो म्हणालो असतो, तर सासरच्यांनी पाणी पाजून दारातनंच वाटेला लावलं असतं. बिघडलेला मावळा दाखवायला आलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? त्यातला सगळ्यात चकचकीत मावळा फडक्यात गुंडाळला आणि पहाटेची बस धरली. वाटेत फडकं जरा सुटलं, तर समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं आपले दिवे मंद केले.

आक्काची सासू सोप्यात सुपारी कातरत बसली होती. सुनेकडं काय काम काढलंत, म्हणाली. घाईघाईत मी सांगितलं, "मुका पायजे." अडकित्ता तिथंच थांबला. 'रंग' हा पुढचा शब्द माझ्या घशातून बाहेर यायला बेळगावहून निपाणीला यायला लागला तेवढा वेळ लागला. तेवढ्यात मागच्या दारातून हसणं ऐकू आलं. आक्का रानातनं आली होती. तंबाखूच्या चिकानं तिचे हात कोपरापर्यंत काळे झालेले, आणि ती ते अंगापासून लांब धरून उभी.

मावळा तिनं हातात घेतला नाही. मलाच धरायला लावला, उजेडाकडं फिरवायला लावला, आणि एक डोळा बारीक करून बघितलं.

"तेल पडल्यावरची खळ घेतलास न्हवं?"

धागा तुटू नये म्हणून आप्पा खळीत खोबरेल ओततात, हे मी जन्मापासून बघत आलो होतो. इतकं बघितलेलं, की दिसायचंच बंद झालेलं.

पण मला कुठं उत्तर हवं होतं? मी थापांची गाडी सोडली. चुलत्यांनी अन्न सोडलंय. किल्ला बघायला गावोगावची माणसं बैलगाड्या जुंपून निघालीत. मावळे म्हणतात, आक्का आल्याबिगर आम्ही बुरुजावर उभं ऱ्हायत न्हाय. एरवी पोट धरून हसणारी आक्का नुसती मान खाली घालून हसत होती, कारण हात कुठं टेकवायची सोय नव्हती.

"तुज्या हाताबिगर जमायचं न्हाय गं आक्का," मी म्हणालो. आणि मग, थापा संपल्यावर, "आई करंज्या करतीया."

तिचं हसू थांबलं. तिनं सोप्याकडं बघितलं. तिथं अडकित्ता पुन्हा चालू झाला होता. मनगटाच्या मागच्या बाजूनं तिनं कपाळावरचे केस सारले, तरी कपाळाला काळा चिक लागलाच.

"तेल घालायच्या आदी वाटीभर खळ काडून ठेव," ती म्हणाली. "तुज्या हातानंबी जमतंय."