भार घेईल

आर्लिस बॉग्ज जेवणावळीला येणार असला, की गार जेवायची तयारी ठेवायची, असं आमच्या गावात म्हणत. चर्चच्या तळघरात बायकांनी घेवड्याची पातेली विजेच्या शेगड्यांवर ठेवावीत, प्रार्थनेला वर जावं, आणि या बाबानं हळूच खाली उतरून एकेक बटण बंद करून यावं. विचारलं तर त्याला आठवायचंही नाही. माणूस नाही तिथे गरम वस्तू चालू ठेवायची नाही, हे त्याच्या हातांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की डोक्याला कुणी विचारतच नव्हतं. त्याची बायको नेल म्हणायची, "जित्याची खोड ती. उद्या शवपेटीत घातला तरी उठून आधी मेणबत्त्या विझवेल."

गावच्या आगवाल्या पथकाचा तो कप्तान होता. पगार नाही, पेन्शन नाही. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पळायचं. हरणांच्या शिकारीचे दिवस असोत नाही तर पोरीचं लग्न, आर्लिस बंबावर पहिला. त्याच्या मागे क्लेटन म्युलिन्स. क्लेटन वयानं लहान, बडबड्या, आणि कप्तानानं विहिरीत उडी मार म्हटलं तर पाणी किती ते न विचारणारा.

मग जुन्या गिरणीच्या रस्त्यावरचं ते घर पेटलं. कुणीतरी रॉकेलची शेगडी चालू ठेवून बाहेर गेलं होतं. म्हातारा आत आहे, म्हातारा आत आहे, म्हणून शेजारीण छाती पिटत होती. आर्लिसनं दारातून आतल्या जमिनीच्या फळ्यांवर कुऱ्हाडीचा दांडा आपटून पाहिला आणि मागे वळून म्हणाला, "जा. भार घेईल." क्लेटन आत गेला आणि जमीन त्याला घेऊन तळघरात कोसळली. म्हातारा त्या वेळी न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकून दाढी करून घेत होता.

चौकशीत आर्लिसनं आपलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. चौकशीवाल्यांनी दोष दिला नाही. क्लेटनच्या बायकोनं, वर्नानं, दिला की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. बाजारात समोर आली तर ती रस्ता ओलांडायची. आर्लिसनं पथक सोडलं आणि तो स्वयंपाकघरात बसून राहायला लागला. कुणी म्हणे गोळ्या घे, कुणी म्हणे डॉक्टरीणबाईंशी बोल. सगळी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शेवटी नेलनंच त्याला गाडीत कोंबलं आणि नदीकाठच्या बंद पडलेल्या शाळेच्या तळघरात नेऊन सोडलं.

तिथे डेलमर रस्क खुर्च्या करायला शिकवायचा. इराकच्या लढाईत त्याचा एक कान गेलेला. त्याच्याकडे येणारे सगळे असेच, कुणी सैनिक, कुणी पोलीस, कुणी रुग्णवाहिकेवरचे. हा वर्ग चालवणाऱ्या संस्थेवाल्यांनी भिंतीवर मोठी पाटी लावली होती, 'हात घडवतात, मन जोडतात.' डेलमर तिच्यावर कोट टांगायचा. त्याचा एकच नियम होता: इथे कुणी आपली कहाणी सांगायची नाही. लाकूड तासायचं आणि गप घरी जायचं.

खुर्ची करायची त्याची रीत आमच्या डोंगरातली जुनीच. खिळा नाही, सरस नाही. खुर्चीचे पाय थोडे ओले ठेवायचे आणि आडव्या दांड्या मात्र खडखडीत सुकवायच्या. सुकी दांडी ओल्या पायात ठोकली, की ती पायातली ओल पिऊन फुगते, पाय सुकताना आवळत जातो, आणि पुढे नातवंडं नाचली तरी सांधा सुटत नाही. दांड्या सुकवायला पत्र्याची एक मोठी पेटी होती. आत विजेचे दिवे लावलेले. दिवसरात्र उबेत ठेवायच्या, एवढंच.

आर्लिसला ते काम मानवलं. तासता तासता त्याचे खांदे खाली उतरले. घरी येऊन तो जेवायला लागला, नेलच्या टोमण्यांना उलट टोमणे मारायला लागला. डेलमरनं त्याला तळघराची किल्ली दिली. सकाळी उघडायचं आणि सगळे गेल्यावर कुलूप लावायचं काम कप्तानाशिवाय कुणाला द्यायचं?

आणि एक दिवस त्यानं नेलला सांगितलं, पहिली खुर्ची वर्नाला द्यायची. नेल म्हणाली, ती तुझ्या अंगावर फेकेल. तो म्हणाला, फेकू दे, पण निदान हातात तरी घेईल. त्याला माफी नको होती. वर्नानं एकदा त्याच्या हातच्या वस्तूवर भरवसा टाकावा, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी तो उन्हाळाभर त्या लाकडाला चिकटून होता. सांधे ठोकले तेव्हा सगळे घट्ट बसले. डेलमरनं हलवून बघितली आणि मान डोलावली. थंडी सुरू झाली, तळघरातला हीटर धडधडायला लागला, खुर्ची तिथेच त्याच्या उबेत दिमाखात उभी होती.

संस्थेवाल्यांना सुगावा लागला. मेलेल्याची बायको आणि कप्तान, एका फोटोत! त्यांनी तळघरातच देणगीदारांचं जेवण ठरवलं, वर्नाच्या घरी माणसं पाठवली, पाद्र्याला मध्ये घातलं. चार लोकांचं मन मोडू नये म्हणून बिचारी आली. फोटोवाल्यानं खुर्चीकडे बोट केलं. ती उभीच राहिली, हात कोटाच्या खिशात.

"बस, वर्ना," आर्लिस म्हणाला. "भार घेईल."

आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावरही कळलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग बसली. फोटो निघाला, टाळ्या झाल्या, मक्याचा पाव आणि घेवडा वाढला गेला. जेवण होत आल्यावर कुणाशी तरी बोलताना ती जरा मागे रेलली आणि मागची दांडी निसटून पायाशी पडली. मग बाजूची. खुर्ची तिरकी झाली. वर्ना पडली नाही, टेबलाला धरून उठली. तिनं फरशीवरून दांडी उचलली आणि आर्लिसच्या हातात दिली.

"त्यालाही तू हेच म्हणाला होतास," ती म्हणाली.

देणगीदार पांगल्यावर डेलमरनं त्या दांडीचं टोक अंगठ्यानं चाचपलं. दांडी ठोकली तेव्हा पुरती सुकलेली नव्हती, हीटरच्या उबेत आता कुठे सुकून बारीक झाली होती. असं होऊ नये. पेटी दिवसरात्र चालू असते. मग तो थांबला आणि आर्लिसकडे बघू लागला.

"कॅप्टन, जाताना पेटी बंद करत होता का तुम्ही?"

आर्लिसला खरंच आठवत नव्हतं. पण त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि त्याला कळलं. रोज संध्याकाळी बंद, रोज सकाळी चालू. दिवसा सुकलेली दांडी नदीकाठच्या त्या तळघरात रात्रभर ओल पीत होती.

"आत माणूस नसताना चालू कशी ठेवायची?" तो एवढंच म्हणाला.

चारआठ दिवसांनी तो वर्नाच्या दारी गेला. खुर्ची संस्थेवाल्यांनी तिच्या गाडीत घालून दिली होती आणि ती तिनं ओसरीवर ठेवली होती, तशीच तिरकी. दुरुस्त करून देतो, तो म्हणाला. वर्ना दारातच उभी राहिली.

"नको. पथकानं घडी घातलेला झेंडा दिला, पितळी पाटी दिली. सगळं म्हणतं तो शूर होता. तो कसा गेला ते फक्त ही खुर्ची सांगते. राहू दे."

तिनं दार लावलं. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं तो नंतर नेलला म्हणाला.

डेलमरनं किल्ली परत मागितली तेव्हा त्याची मान खाली होती. बाकीच्यांच्याही दांड्या आहेत, कॅप्टन, तो म्हणाला. तुम्ही शिकायला या, रोज या, फक्त कुलूप मी लावीन. आर्लिसनं किल्ली काढून दिली. शिकायला तो पुन्हा गेला नाही.

पण संध्याकाळी सगळे घरी गेले, की त्याची गाडी शाळेसमोर येऊन उभी राहते. तळघराच्या बुटक्या खिडकीतून पेटीच्या फटींतला उजेड दिसतो, तिकडे बघत तो काचेआड बसून असतो. गाव आता हसत नाही. नेल डबा घेऊन येते, शेजारी बसते, आणि परवा तिच्यानं राहवलं नाही. चल की घरी, ती म्हणाली, काय बघत बसतोस तिथे रोज?

"दिवे चालू आहेत," तो म्हणाला.

"मग असू देत ना."

"आत कुणीच नाहीये, नेल."