वनिताताईंच्या हातातला माईक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या सोबत्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — आणि तरी लिहिताना हात आखडतोच आहे.

कॉलेजपासून मी पत्रकं लिहीत आले. ‘पुरावा मागा!’ ही आमची घोषणा माझीच. केंद्र सरकार आर्थिक सुधारणांचा आराखडा काढतं, त्यात आश्वासनं देतं आणि वर्षाअखेर स्वतःच स्वतःला शेरा देतं — ‘पूर्ण’. काय पूर्ण? वेबसाइट सुरू झाली, फीत कापली, की पूर्ण! माणसांना काय मिळालं, हे कोण विचारतं? आम्ही विचारायचो. जनसुनावणी घ्यायचो, त्यावरून लोकांचा अहवाल काढायचो. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? काहीच नाही. लाज पुढे आहे.

त्या वर्षीचं आश्वासन होतं — घरी खाद्यपदार्थ करून विकणाऱ्यांना परवाना एकाच खिडकीवर. सरकार म्हणालं, पूर्ण. आम्ही शहरातल्या जरीपटका भागात एक सभागृह घेतलं, बायका बोलावल्या. एकामागून एक उठत होती. इकडून तिकडे धाडतात, सर्व्हर बंद, उद्या या. सगळं खरं होतं. पत्रकार लिहून घेत होते. माईक मी फिरवत होते आणि — सांगूनच टाकते — मला मजा येत होती.

मग वनिताताई उठल्या. भिवापूरच्या. मिरचीचं तिखट करणाऱ्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांना मीच बोलावलं होतं. माईक हातात घेऊन म्हणाल्या, “मले तर भेटलं ना वं लायसन. एकाच खिडकीवर. मंग बाकीच्यायले काहून नाही भेटत, तेच इचाराले आली.”

पत्रकारांची पेनं थांबली. उद्या बातमी उलटी येणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी माईक काढून घेतला — छे, ओढून घेतला — आणि म्हणाले, “काय ताई, सायबानं पाठ करून पाठवलं का तुम्हाले?”

हशा पिकला. मागून कुणी ओरडलं, “सेटिंग हाये गा, सेटिंग!” ताईंच्या गटातल्या बायकाही हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि ताईंकडे बघायला लागल्या. ताई उभ्याच होत्या. रिकामा हात तसाच तोंडाजवळ.

सभा संपल्यावर त्यांना बसस्टँडवर सोडते, असं मी कबूल केलं होतं. त्या गेटपाशी थांबल्या होत्या. मला दिसत होत्या. मी मागच्या दाराने निघून गेले.

आमच्या अहवालात छापलं — ‘एकाही महिलेला एका खिडकीवर परवाना मिळाला नाही.’ सरकारच्या अहवालात ‘पूर्ण’ तसंच राहिलं. ताई दोन्हीकडे नाहीत. भिवापूरला जमतं ते दुसरीकडे का जमत नाही — सरकारला अडचणीत आणणारा खरा प्रश्न हाच होता ना? तो मीच हसण्यावारी नेला. गटानं ताईंचं अध्यक्षपद काढून घेतलं. सरकारची बाई, असं गटातल्या बायका म्हणाल्या. माझं ते वाक्य मात्र संघटनेत गाजलं. अजूनही कुणीतरी त्याची नक्कल करतं, आणि मी हसते.

तुम्हाला वाटेल, ऐन वेळी गैरसमज झाला असेल. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. पण — सुनावणीच्या आदल्याच आठवड्यात मी भिवापूरला ताईंच्या घरी जेवले होते. “पोरी, लाजू नको, घे अजून,” म्हणत त्यांनी वाढलं होतं. समोर भिंतीवर ते लायसन टांगलेलं होतं. कसं मिळालं, मी विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. कुणाचे पाय धरावे लागले नाहीत, हेही.

निघताना मीच म्हणाले होते, “सभेत नक्की या, ताई. जे खरं आहे तेच बोला.”

त्या आल्या. आणि तेच बोलल्या.